साडेसातचे ताट

माणसाला आयुष्यात पडणारे मोठे प्रश्न ग्रंथांतून लिहून ठेवलेले असतात. आपण कोण, कुठून आलो, कुठे जाणार, या प्रश्नांवर थोरामोठ्यांनी पुष्कळ चिंतन केले आहे. परंतु नोकरी करणाऱ्या घरातील माणसाला रोज संध्याकाळी जो प्रश्न पडतो तो याहून लहान आणि याहून चिवट असतो. 'आज रात्री जेवायला काय?' हा तो प्रश्न. गाडीच्या गर्दीत, फलाटाच्या जिन्यावर, रिक्षाच्या रांगेत तो आपल्यासोबत उभा असतो. आज उत्तर दिले तरी उद्या तो पुन्हा येतो. त्या प्रश्नाशी आम्ही काही वर्षे झगडलो. त्या झगड्यात प्रथम हरलो, मग थोडेफार सावरलो. त्याची ही हकिकत आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी तोच प्रश्न रोज दार ठोठावत असेल, म्हणून ती लिहावीशी वाटली.

येथे 'आम्ही' म्हणजे वसईतील एका गावात राहणारे नवराबायको. आमच्यापैकी एक चर्चगेटला उतरतो, दुसरी अंधेरीला. वसई रोड ते चर्चगेट हे अंतर सुमारे ५२ किलोमीटरचे. त्याच्या अलीकडे गावातून स्थानकापर्यंतची रिक्षा आणि पलीकडे स्थानकापासून कचेरीपर्यंतची पायपीट. सकाळी पावणेसातला घर सोडावे तेव्हा रात्री सव्वाआठला उंबरठा दिसावा, असे आमचे साडेतेरा तास. अशा दिवसाच्या शेवटी माणसाच्या अंगात जे काही उरते त्यावर रात्रीचे जेवण शिजवायचे असते.

लग्नानंतरची पहिली पंधरा वर्षे, म्हणजे २००१ ते २०१६, हा प्रश्न आमच्या वाट्याला आलाच नाही. घरात आई होती. एकाची ती जन्मदाती, दुसरीची सासू. परंतु थोड्याच दिवसांत ती दोघांचीही आई झाली, म्हणून येथे तिचा उल्लेख एकेरीतच करीत आहोत. आम्ही घरी पोहोचावे, हातपाय धुवावेत आणि पाटावर बसावे. गरम भात, वालाचे नाहीतर सुक्या बोंबलाचे कालवण, कुंपणालगतच्या अळवाची किंवा शेवग्याच्या पाल्याची भाजी समोर यावी. हे सारे आपोआप होते, अशी आमची समजूत होती. समजूत तरी कसली, आम्ही त्याविषयी कधी विचारच केला नाही. विहिरीचे पाणी जसे गृहीत धरावे तसे आम्ही आईला गृहीत धरले होते.

२०१६ सालच्या श्रावणात मोरीच्या कडेला आईचा पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली. काही आठवडे अंथरूण आणि त्यानंतर वॉकरच्या आधाराने खोलीतल्या खोलीत फिरणे, एवढेच तिचे जग राहिले. दिवसा तिच्या सोबतीला एक बाई मिळाली. दुपारचे जेवण ती करून वाढी. संध्याकाळी सहाला आईच्या हाती चहाचा कप देऊन ती आपल्या घरी जाई.

स्वयंपाकघर रिकामे झाले. रीतीप्रमाणे ते घरातील दुसऱ्या बाईकडे आले. त्या वेळी आम्हा दोघांनाही त्यात काही वावगे वाटले नाही, हे येथे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे. आमच्यापैकी एकीने सव्वाआठला घरी येऊन पर्स खुंटीला अडकवावी आणि तशीच चुलीपुढे उभी राहावी. दुसऱ्याने थकून खुर्चीत बसावे आणि 'काही मदत हवी का?' असे तिथूनच विचारावे. जेवणे दहाला होऊ लागली. दोन महिन्यांत ती बाई थकली. मग स्थानकाबाहेरचा वडापाव आला, नाक्यावरच्या गाडीवरचे तेलकट चायनीज आले, पाकिटातल्या शेवया आल्या. मुले खूश होती. थोरली तेव्हा चौदा वर्षांची, धाकटा अकराचा. त्यांना रोज सण वाटत होता. आम्हीही मनाला समजावीत होतो की हे थोड्या दिवसांचे आहे. थोडे दिवस मात्र संपत नव्हते.

२०१७ च्या जानेवारीत एके दिवशी कचेरीतून लवकर सुटका झाली आणि आम्ही साडेसातच्या सुमारास घरी आलो. मुले आतल्या खोलीत अभ्यासाला बसली होती. आई अंथरुणावर बसून, सहा वाजताच्या, केव्हाच थंड झालेल्या चहात बिस्कीट बुडवून खात होती. समोर बिस्किटांचा पुडा अर्धा झालेला. आम्हाला पाहून तिने तो चोरी सापडावी तसा उशीखाली सारला. आम्ही विचारले तेव्हा ती म्हणाली, "तुमची वाट बघता बघता भूक मरते बाबा. मग रात्री दहाला काही जात नाही. तुम्ही दमून येता, तुम्हाला कशाला सांगायचं?"

पाच महिने तिचे रात्रीचे जेवण बहुतेक दिवशी हेच होते. दहा वाजता आम्ही तिच्यापुढे जे ताट ठेवीत होतो त्यातले दोन घास ती आमच्या समाधानासाठी खात होती. उरलेले धाकटा संपवीत होता आणि आम्ही, 'आईचे जेवण कमी झाले, वय झाले,' असे एकमेकांना सांगत होतो. जिने पंधरा वर्षे आम्हाला ऊन जेवण वाढले ती आमच्याच घरात बिस्किटे लपवून खात होती. त्या रात्री आम्ही दोघे फार वेळ एकमेकांशी बोललो नाही. बोलण्यासारखे काही नव्हते.

त्याच महिन्यात दोघांच्याही कचेरीतून आरोग्य तपासणी झाली. एकीचे हिमोग्लोबिन ८.४ निघाले. प्रौढ स्त्रीचे ते निदान १२ असावे लागते. दुसऱ्याची उपाशीपोटीची साखर ११८ होती. शंभराच्या आत ती निरोगी मानतात आणि १२६ पासून मधुमेहाची हद्द सुरू होते. म्हणजे आमच्यातला एक त्या हद्दीच्या वाटेवर होता. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि कागदावरून मान वर न करताच विचारले, "रात्री काय जेवता? किती वाजता?" आम्ही एकमेकांकडे पाहिले. उत्तर दोघांनाही ठाऊक होते, पण द्यायला कोणी तयार नव्हते. हे दुखणे केवळ आमच्याच घरचे नव्हते, हे पुढे कळले. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या दर शंभर स्त्रियांमागे ५७ जणी रक्तक्षयी आढळल्या.

पुढच्या रविवारी आम्ही सगळे आईच्या खोलीत बसलो. काय शिजवायचे हे ठरवण्याआधी कोणी केव्हा जेवायचे ते ठरवू, असे थोरलीनेच सुचवले. 'आजीचे ताट साडेसातला' हा पहिला नियम झाला. बाकीचे सारे नियम त्याच्या मागून आले. सात वाजता मुलांनी कुकर लावायचा, साडेसातला आजीसोबत जेवायचे आणि आम्ही आल्यावर त्याच भांड्यातले गरम करून घ्यायचे. वर एखादी ताजी भाजी वीस मिनिटांत शिजवायची आणि पावणेनऊला आमचीही जेवणे उरकायची.

आम्ही मोठ्या उत्साहाने बाजारातून ओट्सचे डबे, तऱ्हेतऱ्हेच्या बियांची पाकिटे, 'पौष्टिक' असे छापलेली बिस्किटे आणली होती. आरोग्य हे महाग आणि पाकिटात मिळणारे असते, अशी आमची समजूत! आई ती पाकिटे उलटसुलट करून पाहत राहिली. मग म्हणाली, "लावणीच्या दिवसांत आम्ही दिवसभर चिखलात वाकलेले असायचो. घरी आल्यावर आम्हाला तरी कुठं दोन तास रांधायला वेळ होता?"

त्या एका वाक्याने आमचे डोळे उघडले. दिवसभर राबणारी माणसे काही आमच्या पिढीत प्रथम जन्मली नव्हती. शेतावर, वाडीत, होडीवर कष्टणाऱ्या आमच्या आधीच्या पिढ्याही अंधार पडताना थकूनच घरी येत होत्या. त्यांचे रोजचे जेवण साधे, झटपट आणि स्वस्तच होते. एक डाळ नाहीतर कडधान्य, एक पालेभाजी, मूठभर सुकी मासळी, भात किंवा भाकरी, एवढेच ते असायचे. तासन्‌तास शिजणारे मटण, वाटणाघाटणाची कालवणे, तळलेले पदार्थ ही सणावाराची आणि लग्नाकार्याची ताटे होती. आपल्या आठवणी सणांच्या पंक्ती जपून ठेवतात आणि साध्या वारांची जेवणे विसरतात. मग आपल्याला वाटते की पूर्वीचे अन्न करायला वेळ लागे. वेळ लागे तो सणाला. सोमवारी कुणालाही वेळ नव्हता.

आईने खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात ठेवायला लावली आणि तिथून आमची शाळा सुरू झाली.

आठवड्याचा पाया रविवारी घालायचा, हा पहिला धडा. शनिवारी रात्री मूग आणि मटकी भिजत घालायची. रविवारी सकाळी ती उपसून ओल्या फडक्यात बांधायची. सोमवारी पहाटेपर्यंत नखाएवढे मोड येतात. मोड आले की कडधान्य लवकर शिजते, पचायला हलके होते आणि त्यातील जीवनसत्त्व 'क' वाढते. वाल असतील तर त्यांना जास्त वेळ द्यावा लागतो आणि ते सोलावेही लागतात. ते काम रविवारी संध्याकाळी सगळे मिळून गप्पा मारीत करतो. दुसरे काम वाटणाचे. एक किलो कांदा, अर्धा किलो टोमॅटो, आले-लसूण, हळद आणि वर्षाचा मसाला चार चमचे तेलात चांगला परतायचा आणि गार झाल्यावर लहान लहान डब्यांत भरायचा. तीन दिवसांपुरते डबे फ्रिजमध्ये खाली, बाकीचे बर्फाच्या कप्प्यात. कालवणाचा निम्मा वेळ कांदा चिरण्यात आणि परतण्यात जातो. तो वेळ रविवारीच देऊन टाकला की आठवडाभर चूल मोकळी होते.

तिसरे काम भाजी निवडण्याचे. ते गाडीत होते. पश्चिम रेल्वेवर महिला विशेष लोकल १९९२ साली सुरू झाली, परंतु बायकांच्या डब्यात मेथी निवडण्याची परंपरा कितीतरी जुनी आहे. मांडीवर वर्तमानपत्र पसरून गवार मोडणाऱ्या, मटार सोलणाऱ्या स्त्रिया रोज संध्याकाळी दिसतात. त्यांचे सर्वांना कौतुक वाटते. त्यांना घरी गेल्यावर उसंत नसते म्हणून त्या हे करतात, याचा विचार मात्र थोडेच करतात. आमच्यापैकी ज्याला चर्चगेटला गाडी सुटतानाच बसायला जागा मिळते त्याने एके दिवशी पुरुषांच्या डब्यात मटारची पिशवी उघडली. नेहमीचा कंपू होताच. "काय, वहिनींनी गृहपाठ दिला वाटतं?" अशी थट्टा झाली. पहिल्या दिवशी कान लाल झाले. दुसऱ्या दिवशी सोबत्यांनी निम्मे मटार सोलून दिले आणि निम्मे खाऊन टाकले. तिसऱ्या दिवशी त्यांच्यातल्याच एकाने हळूच विचारले, "हे मटार कुठून घेतलेस रे? स्वस्त मिळाले का?"

आता आमच्या आठवड्याची ताटे सांगतो. सोमवारी मसुराच्या डाळीची खिचडी. दीड वाटी तांदूळ, एक वाटी मसूर डाळ, दुधीच्या किंवा लाल भोपळ्याच्या फोडी, मूठभर चिरलेला पालक, जिरे, लसूण, हळद आणि सहा वाट्या पाणी. मसूर डाळ भिजवावी लागत नाही आणि डाळींमध्ये ती सर्वांत लवकर शिजणाऱ्यांपैकी आहे. कुकरच्या आत वाफेच्या दाबामुळे पाणी शंभर अंशांवर न उकळता १२० अंशांच्या आसपास पोहोचते, म्हणून तासाचे काम पंधरा-वीस मिनिटांत होते. चार शिट्ट्या आणि दहा मिनिटे विसावा. ताटात घेतल्यावर वर लिंबू अवश्य पिळावे. डाळीतील आणि पालेभाजीतील लोह शरीरात सहज शोषले जात नाही, लिंबाची साथ मिळाली की ते अधिक शोषले जाते. याउलट जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा घेतला तर तो लोहाला अडवतो. जेवल्याबरोबर चहा पिण्याची आमची पंधरा वर्षांची सवय डॉक्टरांच्या या एका सांगण्यावरून सुटली.

मंगळवारी अंड्यांचे कालवण. भाताच्या कुकरात वरच्या भांड्यात अंडी उकडून निघतात, खाली वाटण पातळ करून उकळले की झाले. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात आणि आजही एवढ्या पैशांत एवढे चांगले अन्न दुसरे मिळणे कठीण आहे. बुधवारी मोडाच्या मुगाची उसळ आणि पोळ्या. पोळ्या आम्ही शेजारच्या एका बाईंकडून विकत घेतो. सुरुवातीला याची लाज वाटली. मग आईच म्हणाली, "तिच्या घरी चार पैसे जातात, तुझ्या घरी तासभर वाचतो. लाज कसली त्यात?"

गुरुवारी सुका जवळा. पावसाळ्यापूर्वी किनाऱ्यावर वलांडीवर वाळणारे बोंबील आणि अंगणात पसरलेला जवळा यांची बेगमी आपल्याकडे घरोघर होत आली आहे. जवळा कोरडा भाजून, दोन पाण्यांतून धुऊन कांदा-टोमॅटोवर परतला की दहा मिनिटांत ताट तयार होते. सोबत तांबड्या माठाची भाजी. लहान मासळी सालाकाट्यासकट खाल्ली जाते, त्यामुळे तिच्यातून प्रथिनांसोबत कॅल्शियमही मिळते. मात्र खारवलेली सुकी मासळी असेल तर ती गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून द्यावे आणि चव घेतल्याशिवाय वरून मीठ घालू नये. दिवसाला एका माणसाने पाच ग्रॅमहून अधिक मीठ खाऊ नये, असे वैद्यकशास्त्र सांगते. पाच ग्रॅम म्हणजे एक सपाट छोटा चमचा. रक्तदाब असणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

शुक्रवारी ताजी मासळी. सकाळी दारावर येणाऱ्या कोळणीकडून दिवसाची बाई मांदेली किंवा बांगडे साफ करून घेते आणि हळद-मीठ-मसाला लावून ठेवते. तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी परतायला दहा मिनिटे पुरतात. पापलेट, सुरमई यांचा मोह आवरला की मासळी परवडते, आणि मांदेली-बांगड्यांत पौष्टिकपणा तसूभरही कमी नाही. शनिवारी नाचणीचे घावन. दोन वाट्या नाचणीचे पीठ, एक वाटी तांदळाचे पीठ, ताक, बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर. आंबवायची गरज नाही. शेंगदाण्याच्या चटणीबरोबर मुले अर्ध्या तासात फस्त करतात. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले तेव्हा शहरातील मोठमोठ्या हॉटेलांत नाचणीला मान मिळाला. आईच्या डब्यात ती त्याआधीही होतीच.

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी आहाराची १७ मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. दोन हजार उष्मांकांच्या दिवसाच्या आहारात २५० ग्रॅम धान्य, ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे आणि ८५ ग्रॅम डाळी, अंडी किंवा मांस-मासळी असावी, असे त्यांचे साधारण माप आहे. हे वाचून आम्ही एक दिवस काटा घेऊन बसलो. इतकी वर्षे शिकूनही आमच्या ताटात भाताचा डोंगर होता आणि भाजी त्याच्या पायथ्याशी चमचाभर. त्या दिवसापासून आम्ही ताटात आधी भाजी वाढतो, मग डाळ आणि उरलेल्या जागेत भात. जेवणाच्या शेवटी आपल्या वाडीतले एक वेलची केळे. यासाठी जास्त पैसे लागत नाहीत, हात आखडावा लागतो तो फक्त भाताच्या वाढणीवर.

पैशांचेही सांगितले पाहिजे, कारण 'चांगले खाणे परवडत नाही' ही तक्रार आम्हीही करीत होतो. घरखर्चाची वही उघडून पाहिली तेव्हा बाहेरून आणलेल्या एका रात्रीच्या जेवणाला आम्हा पाच जणांचे चारशे रुपये सहज गेले होते. आजच्या भावाने हिशेब केला तर अंड्यांच्या कालवणाच्या रात्री तांदळाचे वीस रुपये, पाच अंड्यांचे पस्तीस-चाळीस, पालेभाजीचे तीस, कांदा-टोमॅटो-तेल-मसाल्याचे वीस-पंचवीस असे एकशे दहा रुपयांच्या आसपास होतात. खिचडीच्या रात्री याहूनही कमी. वाचलेल्या पैशांतून आम्ही फळे घेतो.

एक सावधगिरी मात्र सांगून ठेवतो, कारण थकलेल्या घरात तिचीच हयगय होते. शिजवलेला भात रात्रभर ओट्यावर ठेवू नये. आपल्या हवेत त्यात लवकर जंतू वाढतात आणि त्यांचे विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. तो पसरून गार करावा, तास-दीड तासात फ्रिजमध्ये ठेवावा, दुसऱ्या दिवशी वाफा येईपर्यंत गरम करून संपवावा आणि पुन्हा पुन्हा गरम करू नये.

हे वाचून आमच्या घरी सारे घड्याळासारखे चालते, असा कुणाचा समज होऊ नये. मुंबईत पाऊस तुंबतो आणि गाड्या थांबतात त्या रात्री मुलांनी पाव आणि ऑम्लेटवर भागवले आहे आणि आम्ही अकराला येऊन फोडणीचा भात खाल्ला आहे. परीक्षांच्या दिवसांत रविवारची तयारी राहून जाते आणि आठवडा कोलमडतो. अशा वेळी स्वतःला दोष देत बसण्यापेक्षा पुढच्या शनिवारी मूग भिजवावेत, हे आम्ही शिकलो. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाल्या आणि सारे घरात अडकलो, तेव्हा ही सवय फार उपयोगी पडली. बाजारात भाजी नव्हती, पण डब्यात कडधान्य होते आणि माळ्यावर बोंबील होते.

बदललेली सर्वांत मोठी गोष्ट ताटातली नाही. सव्वाआठला घरी आल्यावर आता आम्ही दोघेही स्वयंपाकघरात जातो. एकाने भाजी परतावी, दुसरीने कोशिंबीर करावी, कधी उलट. एका नातेवाइकाच्या घरी साखरपुड्याला कुणीतरी हसत म्हणाले, "बायकोनं तुला चूल फुंकायला लावली म्हणे!" उत्तर आईने दिले. वॉकरवर हात ठेवून ती म्हणाली, "चूल त्यानं आधीच फुंकली असती तर मला बिस्किटं खावी लागली नसती." मंडपात क्षणभर शांतता पसरली. तिने ते रागाने म्हटले नव्हते. पण पाच महिन्यांची भूक त्या एका वाक्यात होती आणि ती आम्हा दोघांनाही ऐकू आली.

वर्षअखेरीस पुन्हा रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन १२.१ झाले होते. गोळ्यांचा त्यात वाटा होताच, पण गोळ्या बंद झाल्यानंतरही ते खाली आले नाही. साखर ९८ वर आली. आईच्या गालांवर पुन्हा थोडे मांस दिसू लागले. साडेसातला नातवंडांच्या मध्ये बसून ती जेवत असे, आणि खिचडीत मीठ कमी पडले तर आम्ही घरी येण्याआधीच सबंध गल्लीला कळत असे.

२०२२ च्या पावसाळ्यात ती गेली. शेवटच्या आठवड्यात तिला पेजेखेरीज काही जात नव्हते. ती पेज रोज साडेसातला धाकट्याने भरवली. तिच्या मागे पहिल्या सोमवारी सात वाजता त्याने सवयीने कुकर लावला, साडेसातला ताट वाढले आणि मग ते ताट हातात घेऊन तो उभाच राहिला. आम्ही घरी आलो तेव्हा ताट नव्हते. गल्लीच्या टोकाला एक वृद्ध काका एकटे राहतात, त्यांची मुले परदेशी आहेत. तो ताट त्यांच्याकडे देऊन आला होता.

तेव्हापासून साडेसातचे ताट तिकडे जाते. थोरली आता स्वतः नोकरीला लागली आहे आणि आमच्यासारखीच रात्री गर्दीतून घरी येते. धाकटा कॉलेजातून आला की कुकर लावतो. एका माणसाचे जेवण वाढवायला मूठभर तांदूळ आणि अर्धी मूठ डाळ पुरते, वेळ तर मुळीच वाढत नाही.

वाचकहो, आपणही उद्या संध्याकाळी गाडीत उभे असाल आणि तो चिवट प्रश्न आपल्या मनात येईल, तेव्हा एवढेच करून पाहावे. 'आज रात्री काय?' असे विचारण्याआधी 'आपल्या घरी या क्षणी कोण उपाशी वाट पाहत आहे?' असे विचारावे. आम्हाला हा दुसरा प्रश्न सुचायला पाच महिने लागले. तो सुचल्यावर पहिल्याचे उत्तर फारसे कठीण राहिले नाही.